डाव्या बाजूचा ढोल

मार्च अर्धा सरला की चंद्रपुरातल्या आमच्या दुकानात बसल्या बसल्या मला कळतं, तिकडे मोहफूल पडायला लागलं. इथे वास येतो तो कोळशाच्या धुळीचा आणि शेजारच्या टपरीवरच्या तर्रीचा. पण नागभीड-सिंदेवाहीकडची माणसं बाजाराला येतात, त्यांच्या पिशव्यांना, साडीच्या पदराला तो जड, गोडसर, जरासा आंबूस वास चिकटून आलेला असतो. बाई चार्जरवरून माझ्याशी हुज्जत घालत असते आणि माझं अर्धं चित्त तिच्या पदराकडे. "मोह सुरू झाला का जी?" मी विचारते. "झाला नं बाई, मस्त पडून राह्यला," ती म्हणते, आणि मग हुज्जत विसरून आम्ही दोघी यंदा ढगाळ हवेनं फूल कमी झालं की काय, यावर बोलत बसतो. असल्या बोलण्यानं दुकान चालत नाही, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.

दुकान मोबाइलच्या सटरफटर वस्तूंचं. नवरा मागे बसून मोबाइल उघडतो, मी पुढे बसून तोंड उघडते. कव्हरं, काचा, चार्जर आणि मुख्य म्हणजे हेडफोन. गाण्यांच्या अॅपांमध्ये ‘लॉसलेस’ नावाची सोय आल्यापासून तरण्या पोरांनी माझं डोकं खाल्लं आहे. "ताई, लॉसलेसवाले इअरबड दाखवा." मी सांगते, बाबा रे, अॅप तुला अख्खं गाणं देतं हे खरं, पण तुझ्या या बिनवायरच्या बोंडांपर्यंत पोचताना ते पुन्हा दाबलं जातं. पुरतं ऐकायचं असेल तर वायरचा हेडफोन घे. वायर म्हटलं की पोरांची तोंडं वाकडी होतात. "पन मले तं फरक समजते ना ताई," एक जण छातीला हात लावून म्हणाला. समजतो तर समजू दे. मी त्याला बिनवायरचा डबा काढून दिला.

लॉसलेसला मराठीत काय म्हणावं, यावर मी रिकाम्या दुपारी बराच विचार केला आहे. ‘बिननुकसानीचा आवाज’ म्हटलं तर विम्याचा कागद वाटतो. मग एकदा कुणाच्या तरी लग्नाहून आले, केसांतून तांदूळ झटकत होते, आणि सापडलं: अक्षत. न मोडलेला, न तुटलेला. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, अख्खा तांदूळ आणि कणी यातला फरक आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही. एरवी अॅपवरून येणारं गाणं अगदीच कणी नसतं, पण त्यातलं थोडं थोडं काढून घेतलेलं असतं. काय काढायचं याचाही हिशेब असतो. जे गेलं तरी ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटणार नाही, तेवढंच काढायचं. मोठ्या आवाजाच्या पोटात दडलेला बारीक आवाज, झांजेच्या टोकाची थरथर, असलं काहीतरी. ही युक्ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी तिचं कौतुक केलं होतं. आता ती आठवली की मला माझी वहिनी आठवते.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, मंदा. नागभीडच्या पलीकडे, बसमधून उतरून बरंच चाललं की आमचं गाव लागतं. तिथे दादा-वहिनी राहतात, थोडं धान, थोडी तळ्याची मासळी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल. दर वर्षी या दिवसांत मी दुकान नवऱ्यावर टाकून चार दिवस माहेरी जाते. सासरी विचारतात, मोह वेचायला काय जातेस, तुला काय कमी आहे? कमी काहीच नाही. पण उजाडता उजाडता मोहाखाली उभं राहिलं, की वरून एक-एक फूल पडत असतं, टप, मग जरा वेळ काहीच नाही, मग टप टप, आणि काळ्या भुईवर ते फिक्कट पिवळे रसाळ मणी. पाय ठेवायला जीव होत नाही. वर्षभर मी लोकांच्या कानांत काय काय कोंबत असते, आणि माझ्या कानांना मात्र तेवढं एक पुरतं.

गेल्या वर्षी जाताना मी सोबत एक भारी हेडफोन नेला. वायरचा, कान पूर्ण झाकणारा. त्या सुमाराला अॅपमध्ये लॉसलेसच्या जोडीला ते दुसरं प्रकरणही माझ्या हाती नवंच लागलं होतं, स्पेशल आवाज म्हणतात तो. ‘स्पेशल’ म्हणजे खास नव्हे, जागेचा. गाणं कानात न वाजता आपल्या आजूबाजूला वाजतं. बासरी डोक्यावर, गायक समोर, टाळ्या मागे. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला मी एक नमुना ठेवला आहे, त्यात एक ढोल वाजत वाजत आपल्याभोवती गोल फिरतो. बाकी काही नाही, नुसता ढोल. शहाणीसुरती माणसं तो ऐकताना मागे वळून बघतात. मला ते बघायला फार आवडतं.

दुपारची वेळ होती. अंगणात सकाळचं मोहफूल वाळत पसरलेलं, त्याच्यावर माश्यांची गुणगुण. आधी दादाला बसवलं. ढोल मागे गेला तसा तो दचकून वळला आणि मग आपण वळलोच नाही असं दाखवत मिशी खाजवू लागला. मग सोनाबाई. सोनाबाई शेजारची, गोंडांच्या वस्तीतली, आमच्याकडे टोला म्हणतात तिथली, गावातल्या मोह वेचणाऱ्या बायांची एका अर्थी पुढारीण. तिनं हेडफोन घातला आणि घुबडासारखी मान पुरती फिरवली. "आगं माय, हा तं माह्या पाठीमांगून चालला!" म्हणून ती हेडफोनच्या वायरीसकट उठली आणि माझा मोबाइल मोहफुलांत पडला. हसून हसून पुरेवाट.

मग वहिनीची पाळी. ती नको नको म्हणत होती, पण सोनाबाईनं तिला दाबून बसवलं. वहिनी समोर बघत राहिली. मान हलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "गेला."

"कोन गेला?"

"ढोलवाला." आणि जरा थांबून, "आला परत." मग, "गेला."

सगळे पुन्हा हसले. वहिनीला असं काहीतरी बोलायची सवय आहे, सगळ्यांना वाटलं ही तिची गंमत. दादा म्हणाला, "तिले काय सांगता, ते एका कानानं ऐकते न दुसऱ्या कानानं सोडून देते." मीही हसले. पण मी दुकानदार आहे, माझ्या डोक्यात लगेच आलं की हेडफोनचा डावा गेला. वाटेत बसमध्ये दबला असणार. मी काढून स्वतःच्या कानाला लावला. डावा ठणठणीत. मग दुकानात करते तेच केलं. बिघाड वस्तूत आहे की आणखी कुठे, हे बघायचं असेल तर बाजू बदलायच्या. हेडफोन उलटा केला, डावा उजवीकडे, आणि पुन्हा वहिनीच्या कानांवर ठेवला. बिघाड हेडफोनात असता तर आता तो दुसऱ्या बाजूला गेला असता.

वहिनी पुटपुटली, "आला. गेला."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती माझ्या. तिनं हेडफोन काढला, माझ्या हातात दिला, आणि देताना माझं मनगट जरा जास्तच घट्ट धरलं. "लय मस्त आहे बाई," ती मोठ्यानं म्हणाली आणि मोहफूल पालथं करायला अंगणात गेली.

संध्याकाळी हापशीवर आम्ही दोघीच होतो. मी विचारायच्या आत तीच बोलली. दोनेक वर्षांपूर्वी एकदा खूप ताप आला होता, तेव्हापासून डावा कान गेला. आधी वाटलं पाणी गेलं असेल, येईल परत. मग नाही आला. "कोनाले सांगू नका, बाई. तुमच्या भावाले तं नाईच नाई."

"काऊन पन?" माहेरी गेलं की माझंही तोंड माहेरचं होतं.

"मले जंगलात जाऊ देनार नाईत ते. मंग मी मोहाच्या दिवसांत घरी बसून काय करू?"

तिचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं आणि तिथल्या तिथे मी घाबरलेही. कारण जंगलात आमच्या बायका डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त चालतात. मोहाची झाडं एका ठिकाणी नसतात. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं आणि झाडांना नावं असतात: जुळा, खोकल्या, बोडीवरचा, वाकड्या. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. वहिनीचं झाड वाकड्या. गावातून बायका घोळक्यानं निघतात, पण झाडापाशी जिची ती एकटी. मध्ये झुडपं, ओणवी बाई चार झाडांपलीकडे दिसत नाही. म्हणून मग कूक. थोड्या थोड्या वेळानं एकीनं लांब ‘कूऽऽ’ द्यायची, बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून तिला उत्तर द्यायचं. त्यात शब्द नसतो, नाव नसतं. आवाज कुठून आला त्यावरून कोण कुठे आहे ते समजतं. आणि वानर खेकसलं, चितळ ओरडलं, की सोनाबाई लागोपाठ कूक देत राहते आणि बाकीच्यांनी टोपल्या आहेत तिथे टाकून तिच्या आवाजाकडे जायचं. ही रीत माझ्या आईच्या आधीपासूनची आहे. ज्याच्यासाठी ती आहे, त्याचं नाव जंगलात कोणी घेत नाही. तो, असंच म्हणतात.

"कूक आयकू येते नं तुम्हाला?" मी विचारलं.

"येते. पन कुठून येते ते नाई समजत. सगळी एकाच बाजूनं आल्यासारखी वाटते." ती घागर डोक्यावर घेत म्हणाली, "मी सोनाबाईच्या लुगड्यावर नजर ठेवतो. दिसलं नाई तं जिथी आहे तिथीच उभी राह्यतो." आमच्याकडे बायकाही ‘राह्यतो’ म्हणतात, आणि का कोण जाणे, त्या दिवशी मला त्या शब्दात तिचा हट्ट ऐकू आला.

त्या रात्री मला आठवत गेलं. पंगतीत वहिनी नेहमी डाव्या टोकाला बसते, म्हणजे सगळी माणसं तिच्या उजवीकडे येतात. लग्नात वाजंत्री सुरू झाली की ती स्वयंपाकघरात जाते. कुणाचा फोन आला की ती आधी बांगड्या सावरते, तेवढ्यात फोन डाव्या हातातून उजव्यात जातो. दादा डावीकडून काही बोलला की ती हसून मान डोलावते, आणि त्याचं काम झालं नाही की तो चिडतो. एक-एक करून तिनं काढून टाकलं होतं, गप्पा, वऱ्हाडं, बाजार, आणि तेही असं बेतानं की आम्हा कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. हेडफोन विकणारी मी, मला तर नाहीच नाही. फार वाईट वाटलं मला. अंधारात मी एकदा डाव्या कानात बोट घालून पाहिलं, पण बोट काढता येतं हे माहीत असताना तसं करण्यात काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर वाकड्याखाली गेले. म्हटलं, आपण जवळ असलेलं बरं. सकाळ चांगली होती. फूल भरपूर पडलेलं, वहिनी दोन्ही हातांनी वेचत होती आणि हलकंसं काहीतरी गुणगुणत होती. मी टोपलं भरलं म्हणून दुसरं आणायला जरा मागे, वाटेपाशी गेले, आणि तेवढ्यात नाल्याकडे चितळ ओरडलं. एकदा, दोनदा. वानरं खेकसायला लागली. पाठोपाठ सोनाबाईची कूक सुरू झाली, गावाकडच्या अंगानं, लागोपाठ.

वहिनी उठली. टोपलं खाली ठेवलं. लुगडं कुठे दिसतं का म्हणून तिनं पाहिलं, ते दिसेना. धोक्याच्या कुकेला जागीच उभं राहून चालत नाही. सोनाबाईची कूक पुन्हा आली आणि वहिनी चालू लागली, भरभर, अजिबात न अडखळता, उजव्या हाताला, नाल्याकडे.

मी ओरडले. माझंही ओरडणं तिला त्याच बाजूनं आलं असणार, कारण तिनं पाय आणखी उचलले. मी कशी धावले मला माहीत नाही. तिचा दंड पकडला तेव्हा ती दचकून माझ्याकडे बघत राहिली आणि मग माझ्या तोंडावरूनच तिला समजलं. नाल्याकडून काही आलं नाही. काही दिसलंही नाही. चितळ गप्प झालं, वानरं गप्प झाली, वर झाडावर पोपट होते ते पुन्हा भांडायला लागले. आम्ही हात धरून सोनाबाईपाशी पोचलो तेव्हा सगळ्या बायका उभ्याच होत्या, आणि आम्ही कुठल्या बाजूनं आलो ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

दडवण्यासारखं आता काही उरलं नाही. दादाला कळलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण तो रागावला नाही. मग दुसऱ्याच दिवशीच्या बसनं वहिनीला घेऊन माझ्याबरोबर चंद्रपूरला आला. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. शीर गेली आहे, म्हणाले, आता परतायची नाही. मशीन लावता येतं, पण त्याचाही भरवसा नाही. मग दादानं विचारलं, एक कान चांगला आहे, ऐकू येतं, मग दिशा का नाही कळत? डॉक्टरांनी समजावलं, की उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि डाव्याला किंचित नंतर. त्या एवढ्याशा फरकावरून डोकं जागा ठरवतं. एकच कान असेल तर फरक कशाशी करणार?

मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि मला माझ्या नमुन्याचा ढोल आठवत होता. त्याचीही सगळी करामत एवढीच. दोन कानांना किंचित मागेपुढे, किंचित कमीजास्त आवाज द्यायचा, आणि माणसाला वाटतं ढोल पाठीमागून चालला. दोन बोंडांतला तो फरक विकून माझं दुकान चालतं. वहिनीचा फरकच गेला होता.

परत गावी गेलो. मोह अजून पडत होता. दादानं सांगून टाकलं, "आता जंगलात जाचं नाई. मी आनतो वेचून." वहिनीनं वाद घातला नाही. तिनं घातला असता तर बरं झालं असतं. ती पहाटे सवयीनं उठली, टोपलं दादाच्या हातात दिलं, आणि बायकांचा घोळका हसत-बोलत वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली. मग अंगणात बसून कालचं फूल उगाचच पुन्हा पुन्हा पालथं करत राहिली. त्या घोळक्यात सासू, सून, नणंद असं काही नसतं. जे घरात बोलता येत नाही ते सगळं मोहाच्या वाटेवर बोलतात. वर्षातला तेवढा एक महिना प्रत्येकीचं एक झाड असतं आणि झाडाखालचं राज्य तिचं. मी तिच्या उजवीकडे बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, दादा म्हणतो ते मनावर घेऊ नका, एका कानानं ऐका आणि...

"माह्याजवळ सोडाचा कानच नाई, बाई," ती म्हणाली. "जे आयकलं ते आतच राह्यते." आणि ती हसली, मग पदर तोंडाशी धरून रडली. मी तिला रडू दिलं. मला दादाचा राग येत होता आणि दादाचं काही चुकत नव्हतं, हेही मला दिसत होतं. नाल्याकडे चालणारी तिची पाठ मी पाहिली होती, त्यानं नुसती ऐकली होती.

एक-दोन सकाळी अशा गेल्या आणि सोनाबाई तणतणत अंगणात आली. दादा नुकताच टोपलं उतरवत होता.

"भाऊ, तुमी मुके आहा का?"

"काऊन?"

"आमी कूक देऊन देऊन थकलो, तुमी एक आवाज देत नाई. हा मानूस हाये का गेला, समजत नाई आमाले. तुमच्यापायी मी दोनदा वाकड्याखाली येऊन गेली. तुमी आपले खाली मुंडी घालून येचून राह्यले."

दादा ओशाळला. खरंच, आमच्याकडचे पुरुष जंगलात गप्प जातात आणि गप्प येतात. कूक देणं हे बायकांचं काम, पुरुषमाणसानं ‘कूऽऽ’ काय करायचं, अशी त्याची समजूत.

"मंदी एका कानाची हाये," सोनाबाई म्हणाली, "पन जवाब देते. तुमी दोन कानाचे असून कामाचे नाई. तिले धाडा."

"न तिले कूक कुठून आली ते समजलं नाई, मंग?"

सोनाबाई ओसरीवर टेकली. तिनं वहिनीकडे पाहिलं, मग मुद्दाम उठून तिच्या उजवीकडे जाऊन बसली. "तं मंग नुसती कूक नाई द्याची. कोन हाये न कुठी हाये, तोंडानं सांगाचं. नाव न झाड. सोना, जुळ्याखाली. असं. मंग एक कान असो का अर्धा. झाडं तं सगळ्यायले माहीत हायेत."

इतकं साधं होतं ते. आवाजावरून जागा ओळखायची ही पिढ्यांची रीत, आणि तिनं ओसरीवर बसल्या बसल्या ती बदलून टाकली. आवाजानंच आपली जागा सांगायची. मला फार नंतर, दुकानात कंपनीचा एक माणूस डबे द्यायला आला तेव्हा कळलं, की अॅपमधल्या त्या चौफेर गाण्यांतही असंच करतात म्हणे. प्रत्येक वाद्याच्या आवाजाबरोबर त्याची जागा लिहून पाठवतात, आणि पुढचं काम यंत्र करतं. तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. मी म्हटलं, बरोबर आहे, आमच्या गावाकडे चालतं हे. त्यानं मान डोलावली, ऐकलं नसावं.

दादा लगेच हो म्हणाला नाही. सकाळी मात्र दोन टोपली काढली. वहिनी वाकड्याखाली जाईल आणि तो स्वतः बोडीवरच्या झाडाखाली, कारण त्या घरची माणसं त्या दिवशी येणार नव्हती आणि तिथून वाकड्या हाकेच्या अंतरावर. तिला एकटीला सोडणार नाही, एवढंच तो म्हणाला. वहिनीनं केस विंचरले, कधी नव्हे ती जराशी पावडरही लावली. वाटेवर बायका तिच्या डाव्या बाजूला आल्या की एकमेकींना ढकलत उजवीकडे सरकायच्या, आणि त्या सरकासरकीत सगळा घोळका रस्त्याच्या एका कडेला जायचा.

मी वहिनीबरोबर होते. जरा उजाडलं आणि सोनाबाईची पहिली हाक आली, "सोनाऽऽ, जुळ्याखालीऽऽ!" मग आणखी एक, खोकल्याखालून. आवाज लाजत होते, मध्येच हसू फुटत होतं, कारण जंगलात आपलंच नाव ओरडायची सवय कुणालाच नव्हती. आमच्या गावात बाईचं नाव रेशनकार्डावर असतं. एरवी ती कुणाची आई, कुणाची सून, कुणाची काकी. वहिनी उभी राहिली, घसा साफ केला आणि खणखणीत ओरडली, "मंदाऽऽ, वाकड्याखालीऽऽ!" तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जुळ्याकडून उत्तर आलं तेव्हा तिनं मान इकडेतिकडे फिरवली नाही. सरळ जुळ्याकडे बघितलं.

मग पाळी दादाची. बोडीकडून एकदाचा त्याचा घोगरा आवाज आला, "अवोऽऽ!"

लग्न झाल्यापासून तो तिला हेच म्हणत आला आहे. घरात ते चालतं, घरात ‘अवो’ एकच असते. जंगलात त्या हाकेला प्रत्येक झाडाखालून उत्तर गेलं. "कोनाची अवोऽऽ?" एक ओरडली. "इथी लय अवो आहेत, भाऊऽऽ!" दुसरी. सोनाबाई जुळ्याखालून गरजली, "नाव घ्या नाऽऽव! जंगलात दोघायचंच नाव घ्याचं नसते, त्याचं न नवऱ्याचं! बायकोचं चालतेऽऽ!" सगळं जंगल हसत होतं. वानरंसुद्धा फांद्यांवर थांबून ऐकत असतील.

वहिनी हसली नाही. ती वाकून वेचत होती ती तशीच राहिली, हातात मोहफुलं धरून. मला माझा दादा माहीत आहे, तो बोडीवर उभा राहून मिशी खाजवत असणार. वरून एक फूल पडलं. आणखी एक.

"मंदाऽऽ!" बोडीकडून आवाज आला, जरासा फाटलेला. "मी बोडीवर आहोऽऽ! बोडीवरच्या खालीऽऽ!"

वहिनीनं काहीच उत्तर दिलं नाही. बाकीच्या बायकाही गप्प झाल्या, वाट बघत. मला वाटलं, अजूनही काही चुकलं, हिला ऐकू गेलं नाही. मी वाकून तिच्या उजव्या कानाशी गेले. "वहिनी, दादा बोलावते तुम्हाला. आयकू नाई आलं का?"

ती बोडीकडेच बघत होती. तिनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

"आलं, बाई," ती म्हणाली. "आनखीन एकदा म्हनू द्या."